ऑक्सफर्डमधला जुना कोट

नोव्हेंबरमध्ये मित्राकडे ऑक्सफर्डला चार दिवस राहिलो. पहिल्याच संध्याकाळी माझं जाकीट चिमटीत धरून तो म्हणाला, "यावर इथली थंडी निघायची नाही. उद्या चॅरिटी शॉप्स पालथी घालू."

चॅरिटी शॉप्स म्हणजे लोकांनी दान दिलेल्या जुन्या वस्तू विकून संस्थांसाठी पैसे उभे करणारी दुकानं. मी लगेच हो म्हटलं नाही. घरात मोठ्या भावाचे, चुलतभावाचे कपडे घालतच मी वाढलो, त्यात कधी काही वाटलं नाही. पण अनोळखी माणसाच्या अंगावरून उतरलेला कपडा पैसे देऊन आणायचा, याला मन तयार होईना. माझ्या लेखी जुने कपडे घरातून बाहेर जायचे. बोहारीण दारात बसायची, आई एकेक शर्ट तिच्यापुढे टाकायची आणि बरीच घासाघीस होऊन एक पातेलं घरात यायचं. त्या गाठोड्याचं पुढे काय होतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

सकाळी आधी ब्रॉड स्ट्रीटवर गेलो. तिथल्या १७ नंबरला ऑक्सफॅमचं दुकान आहे. दुसऱ्या महायुद्धात ग्रीसमध्ये लोक उपासमारीनं मरत होते, तेव्हा, १९४२ मध्ये, ऑक्सफर्डमधल्या काही जणांनी मदतीसाठी समिती काढली. तिचीच पुढे ऑक्सफॅम झाली. त्याच दशकाच्या अखेरीस या जागेत त्यांचं दुकान सुरू झालं आणि १९४९ मध्ये जो मिटी नावाचे गृहस्थ संस्थेचे पहिले पगारी कर्मचारी म्हणून रुजू झाले. लोकांनी दिलेलं काहीही विकून त्याचे पैसे भुकेल्यांपर्यंत पोहोचवायचे, एवढीच कल्पना. त्या छोट्याशा दारातून आत जाताना माझा संकोच बराच कमी झाला. आमच्या कामाचं मात्र तिथं फारसं काही मिळालं नाही.

मग बसनं मॉडलिन पूल ओलांडून, चढ चढून हेडिंग्टन या उपनगरात गेलो. इथल्या एका घराच्या छपरात १९८६ पासून एक भलामोठा फायबरग्लासचा शार्क डोकं खुपसून उभा आहे. तो बघितला आणि लंडन रोडवरच्या दुकानांत शिरलो.

दुकान कुठलंही असो, मांडणी तीच. बायकांच्या कपड्यांच्या रांगाच रांगा आणि कोपऱ्यात पुरुषांसाठी एखादा दांडा. मित्राच्या मते पुरुष कपडा विरेपर्यंत वापरतात, मग द्यायला उरतं काय? त्यामुळे जे येतं ते दोन टोकांचं असतं, एकतर पार झिजलेलं नाहीतर क्वचितच घातलेलं. लग्नाचे सूट, नोकरी सुटल्यावर नकोसे झालेले कोट, आणि माणूस गेल्यावर घरच्यांनी आणून दिलेली कपाटंच्या कपाटं. हे शेवटचं त्यानं हळू आवाजात सांगितलं.

कपडा कसा बघायचा, हे मी त्याच्याकडून शिकलो. किमतीच्या चिठ्ठीकडे तो बघतसुद्धा नाही. आधी कपडा उजेडाकडे धरतो. लोकरीला कसर लागली असेल तर टाचणीएवढी भोकं लगेच चमकतात. मग कॉलरची घडी, काखा आणि पँटच्या मांड्यांमधली शिवण. मग अस्तर उलटून आत किती माया, म्हणजे शिवणीत दुमडलेलं जादा कापड, सोडली आहे ते. माया असली की कंबर सैल करता येते, पँटची मोहरीही उतरवता येते. खांदा मात्र अंगाला बसलाच पाहिजे. तो उसवून परत बसवायचा तर शिलाई कोटाच्या किमतीच्या वर जाते. आकड्यांवरही त्याचा विश्वास नाही. चाळीसचा कोट म्हणजे छाती चाळीस इंच हे खरं, पण आधीच्या मालकानं तो आवळून घेतला असेल तर? म्हणून प्रत्येक कोट घालूनच बघायचा.

एका निळ्या स्वेटरच्या गळ्याशी 'सेंट मायकल' अशी पट्टी होती. मार्क्स अँड स्पेन्सर ही ब्रिटिश दुकानसाखळी हे नाव आपल्या मालावर १९२८ पासून लावत असे आणि २००० मध्ये त्यांनी ते बंद केलं. म्हणजे स्वेटर किमान पाव शतक जुना. लोकर अजून दाट होती आणि मनगटाची वीण कुठेही सैल पडलेली नव्हती. तो मित्रानं घेतला.

माझा कोट चौथ्या दुकानात सापडला. करड्यावर हिरवट झाक, जवळून बघितलं तर त्यात शेवाळी, तपकिरी, मधेच एखादा केशरी धागा. आतल्या पट्टीवर पृथ्वीगोल आणि त्यावर क्रॉस, हॅरिस ट्वीड या जाड लोकरी कापडाची खूण. हे नाव १९९३ च्या कायद्यानं राखलेलं आहे. स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवर रंगवलेली आणि कातलेली लोकर तिथल्याच विणकरांनी आपापल्या घरी, हातानं विणली, तरच कापडाला ते लावता येतं. डाव्या कोपरावर नखाएवढा रफू होता. बोटाला लागत होता, डोळ्यांना दिसत नव्हता. कोणीतरी त्यासाठी तीन वेगवेगळ्या रंगांचे धागे शोधून आणले होते.

"ज्यानं हे केलं, त्याला हा कोट टाकायचा नव्हता," मित्र म्हणाला.

पडद्यामागे जाऊन कोट चढवला. खांदा बरोबर बसला, बाही अर्धा इंच लांब. पंचवीस पौंड. इथं घासाघीस करायची नसते आणि मला करावीशीही वाटली नाही. गल्ल्यावरच्या आजी पगाराविना, आठवड्यातले दोन दिवस तिथं काम करतात. त्यांनी चिठ्ठी कापण्याआधी कोपरावरून अंगठा फिरवला आणि नुसती मान हलवली.

माझं आधीचं जाकीट मी निघायच्या आदल्या दिवशी धुऊन, वाळवून त्याच दुकानात नेऊन दिलं. गिफ्ट एडचा फॉर्म भरणार का, असं त्यांनी विचारलं. इथे कर भरणाऱ्यानं तो भरला, तर त्याच्या वस्तूच्या विक्रीतून आलेल्या दर पौंडामागे सरकार संस्थेला आणखी पंचवीस पेन्स देतं. मी इथला करदाता नाही, म्हणून तो राहिला. जाकिटाची चेन मधेच अडकते, हे मात्र मी त्यांना दाखवलं. त्यांनी ती दोनदा वरखाली केली, मेणबत्तीचा तुकडा काढून चेनच्या दातांवर घासला आणि जाकीट हँगरला लावलं.