उद्यमबागेतला दुसरा डीएनएस

गेल्या जुलैत बेळगावात पावसाबरोबर लाईटचं जाणं-येणं रोजचंच झालं होतं. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या ऑफिसचं नेटवर्क मी सांभाळतो. लाईट परत आली की हिशेब बघणाऱ्या काकांचा फोन ठरलेला. "अरे, इंटरनेट हाय बघ, पन हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडंना झालंय."

दोनदा मी खानापूरहून पावसात गेलो आणि पोचेपर्यंत सगळं सुरळीत. तिसऱ्यांदा काकांना म्हटलं, मी येईपर्यंत कशाला हात लावू नका, आणि तडक निघालो. सर्व्हरला नावानं पिंग केलं, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारून बघितली, तर असं कुणी नाहीच म्हणून सांगतंय. आयपी पत्त्यानं, म्हणजे त्याच्या आकड्यांच्या पत्त्यानं, केलं तर लगेच उत्तर.

चूक माझीच होती. नावावरून आयपी पत्ता शोधून देतो तो डीएनएस; कुठल्या डीएनएसला विचारायचं हे यंत्रांना डीएचसीपी सांगतं. त्या डीएचसीपीमध्ये पहिला डीएनएस ऑफिसातला आणि दुसरा, अडीअडचणीला असावा म्हणून, गूगलचा सार्वजनिक ८.८.८.८ असा मी दिला होता. लाईट आल्यावर ऑफिसातला डीएनएस उठायला चार-पाच मिनिटं घेतो. तेवढ्यात विंडोज दुसऱ्याकडे वळतं आणि काही वेळ त्यालाच धरून राहतं. त्या बाहेरच्याला आमच्या हिशेबाच्या सर्व्हरचं नाव कुठून माहीत असणार? तो खरं तेच सांगतो, असं नाव नाही.

इथंच बहुतेकांची गल्लत होते. पहिला गप्प बसला किंवा त्यानं बिघाड सांगितला तरच यंत्र दुसऱ्याला विचारतं. 'नाही' हे त्याच्या लेखी पूर्ण उत्तर आहे, ते मिळाल्यावर ते आणखी कुणाला विचारायला जात नाही. शिवाय लिहिलेला क्रम सगळे पाळतात असंही नाही. कित्येक राऊटरांत डीएनएसमास्क नावाचं छोटं डीएनएस सॉफ्टवेअर असतं, ते मुळात जो लवकर उत्तर देतो त्याच्याकडे झुकतं. त्यामुळे यादीतल्या प्रत्येकाला सगळी नावं ठाऊक असलीच पाहिजेत, हे मी आता प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगतो.

जुन्या रास्पबेरी पायवर, म्हणजे तळहाताएवढ्या छोट्या कॉम्प्युटरवर, दुसरा डीएनएस उभा केला, त्यात ऑफिसातली सगळी नावं भरली आणि त्याला वेगळा यूपीएस दिला. बाहेरची नावं आता हे दोघे १.१.१.१ आणि ९.९.९.९ या सार्वजनिक डीएनएसना विचारतात, ऑफिसातली यंत्रं थेट बाहेर जात नाहीत.

रविवारी पहिल्याची केबल काढून बघितलं. विंडोज सेकंदभर थबकलं आणि पुढं गेलं. डेबियन लिनक्सचं यंत्र मात्र प्रत्येक नव्या नावाला पाच सेकंद अडायचं. त्यात नावं विचारायचं काम करणारी जीलिबसी ही लायब्ररी मुळात तेवढी वाट बघते, आणि पुढच्या नावाला परत पहिल्यापासूनच सुरू करते. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाईलमध्ये टाईमआऊट, म्हणजे वाट बघायचा वेळ, १ सेकंद केला, तेव्हा कुठं जमलं.

त्या आठवड्यात लाईट चारदा गेली. काकांचा फोन एकदाच आला, प्रिंटरच्या कागदासाठी.