राज्य बुडालं, मग दुसऱ्या दिवशी काय झालं?

तीन वर्षं मी एक साम्राज्य लिहितोय. नाव शैलंध्र. नकाशा माझा, राजे माझे, नद्या माझ्या. पहिला राजा धनगर होता. त्याला नदीची भाषा कळायची. नदीनं सांगितलं तिथून त्यानं कालवा खणला, कालव्याकाठी गाव वसलं, गावाचं शहर झालं आणि शहराला सात तट आले. प्रत्येक वेशीवर दगडी हत्तींची जोडी. शत्रू आला की हत्ती जागे व्हायचे. नऊ पिढ्या हे असं छान चाललं. मग एका अमावास्येला काळ्या झेंड्यांचं सैन्य आलं, हत्ती जागे झाले नाहीत आणि पहाटेपर्यंत शहराची राख झाली. समाप्त.

हा शेवट मी मोठ्या अभिमानानं भाच्याला वाचून दाखवला. तो अकरा वर्षांचा आहे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामा, मग दुसऱ्या दिवशी काय झालं?"

"काही नाही. संपलं ना राज्य."

"पण लोक सकाळी उठले असतील ना?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून मी हंपीला गेलो. ऐकायला विचित्र वाटेल, पण खरं कारण एवढंच. हंपी म्हणजे विजयनगर साम्राज्याची जुनी राजधानी. विजयनगरबद्दल शाळेत दोन तारखा पाठ केल्या होत्या, 1336 आणि 1565. स्थापना आणि राक्षसतागडीची लढाई. उदय आणि अस्त. माझ्या शैलंध्रचा सांगाडाही मी नकळत तिथूनच उचलला होता, हे होसपेटला गाडीतून उतरताना लक्षात आलं आणि जरा ओशाळल्यासारखं झालं.

होसपेटहून हंपी बारा-तेरा किलोमीटर. रिक्षातून जाताना आधी ऊस, मग केळी आणि मग एकदम दगड. हे दगड फोटोत समजत नाहीत. कुणीतरी घराएवढे गोटे पोत्यातून ओतावेत आणि आवरायचं विसरून जावं, तशा टेकड्या. माझ्या कादंबरीतल्या राजधानीसाठी मी असा भूगोल लिहिला असता तर 'अतिशयोक्ती' म्हणून स्वतःच खोडला असता.

पहिला दिवस मी चुकीचा घालवला. सगळे करतात तेच केलं. विरूपाक्षाचं दर्शन, हेमकूट टेकडी, उग्रनरसिंह. हा नरसिंह 1528 चा, कृष्णदेवरायाच्या काळातला, एकाच दगडातला, पावणेसात मीटर उंच, मोठाल्या बटबटीत डोळ्यांचा. मांडीवर लक्ष्मी होती, ती आता नाही. पाठीमागे फक्त तिचा हात राहिलाय, त्याच्या कमरेशी. शेजारी बडवीलिंग. त्या गाभाऱ्यात पाणी आहे आणि पिंडी त्या पाण्यातच उभी. पाणी कुठून येतं, असं गाइडना विचारलं. साठीचे गृहस्थ, सगळे त्यांना अण्णा म्हणत होते, म्हणून मीही. ते म्हणाले, "कॅनाल. राजाके टाइमका." आणि पुढे चालू लागले. मीही चाललो. ती माझी चूक.

दुसऱ्या दिवशी राजवाड्याच्या आवारात गेलो आणि तिथे माझी पंचाईत झाली. कारण राजवाडाच नाही. जोती आहेत. शंभर खांबांच्या दरबाराचं जोतं आहे, दहा गुणिले दहा, खांबांच्या तळाचे दगड ओळीनं मांडलेले. वर जे होतं ते लाकूड, ते गेलं. देवळं दगडाची म्हणून उरली, राजे लाकडात राहायचे म्हणून त्यांची घरं उरली नाहीत. शैलंध्रच्या राजाला मी संगमरवरी महाल दिला होता. वही काढून तिथल्या तिथे काट मारली.

जवळच पायऱ्यांची पुष्करणी आहे. 1980 च्या दशकात उत्खननात सापडली. काळसर दगडांच्या पायऱ्यांची रचना इतकी नेटकी की आजच्या एखाद्या आर्किटेक्टनं काढली असावी. वाकून पाहिलं तर दगडांवर खुणा कोरलेल्या: कुठली बाजू, कितवी ओळ, कितवा दगड. म्हणजे दगड दुसरीकडे घडवले आणि इथे आणून खुणा बघत जुळवले. मी बराच वेळ त्या खुणाच बघत बसलो. राजांच्या वंशावळी पाठ होतात, पण हा 'पूर्वेकडचा, तिसऱ्या ओळीतला' असं दगडावर लिहिणारा माणूस माझ्या नऊ पिढ्यांमध्ये कुठेच नव्हता.

आणि पाणी सगळीकडे. पुष्करणीपर्यंत खांबांवर चढवलेले दगडी पन्हाळ येतात. डोमिंगो पाइश हा पोर्तुगीज 1520 च्या सुमारास इथे आला, तेव्हा राजा एक तलाव बांधून घेत होता. पंधरा-वीस हजार माणसं मुंग्यांसारखी कामाला लागलेली त्यानं पाहिली, खालची जमीनच दिसत नव्हती म्हणे. शहर रोमएवढं मोठं वाटलं, असंही लिहून गेला. त्याच वर्षी कृष्णदेवरायानं रायचूर जिंकलं. उदयाचं शिखर म्हणायचं तर हेच.

माझ्या लेखकी मनाला यापुढे उतार हवा होता. अण्णांना विचारलं, तर त्यांनी नेहमीचं सांगितलं: चार सुलतान एक झाले, रामराया पडला, शहर लुटलं. ते खोटं नाही. 23 जानेवारी 1565. कृष्णदेवरायाचा जावई वृद्ध रामराया, सिंहासनावर नावाला सदाशिवराय आणि कारभार सगळा याच्या हातात. एका सुलतानाला दुसऱ्याशी झुंजवत ठेवण्यात त्याची हयात गेली. गोवळकोंड्याचा इब्राहिम कुतुबशहा गादीवर येण्याआधी सात वर्षं याच विजयनगरात आश्रयाला होता. विजापूर रामरायाच्या बाजूनं अहमदनगरवर चालून गेलं होतं. मग अहमदनगरच्या हुसेन निजामशहानं आपली मुलगी अली आदिलशहाला दिली, सोलापूरचा किल्ला आंदण दिला आणि वैर मिटलं. ती मुलगी म्हणजे चांदबिबी. आपण तिला नगरचा किल्ला लढवणारी म्हणून ओळखतो, पण एका साम्राज्याच्या अंताची पहिली अक्षता तिच्या लग्नात पडली, हे मला तरी कुणी शाळेत सांगितलं नव्हतं.

माझ्या काळ्या झेंड्यांचं काय करायचं, हा प्रश्न इथे पडला. शत्रू काळा, आपण पांढरे, असा माझा हिशेब. आणि इथे शत्रू घरी राहून गेलेला. गजशाळेचे अकरा घुमट पाहा, कमलमहालाच्या कमानी पाहा, ही बांधणी सुलतानांच्या शहरांतून शिकलेली आहे. 1439 ची एक मशीदही याच शहरात आहे, विजयनगरच्याच एका मुसलमान सरदारानं बांधलेली. इतक्या ओळखीच्या माणसांत झालेलं भांडण मी 'अंधाराची सेना' म्हणून रंगवत होतो! (गजशाळेसमोर उभं राहून माझ्या दगडी हत्तींची आठवण झाली नाही, असं म्हटलं तर खोटं ठरेल. फोटो काढला. कुणाला दाखवला नाही.)

पण भाच्याचा प्रश्न तसाच होता. दुसऱ्या दिवशी काय?

त्याचं उत्तर एका व्हेनिसच्या व्यापाऱ्यानं देऊन ठेवलंय. सेझारे फेदेरिची. तो 1567 मध्ये, म्हणजे लढाईनंतर दोन वर्षांनी इथे आला, तोही दोन घोडेव्यापाऱ्यांच्या सोबतीनं. मी हे आधी कुठेतरी वाचलं होतं, पण त्याचा अर्थ लागला तो विठ्ठल मंदिराच्या वाटेवर. तिथे बाजारपेठेचे खांब अजून उभे आहेत, दोन्ही बाजूंना, लांबच लांब. वाटेवरच एक मंडप, त्याच्या खांबांवर घोडेस्वार कोरलेले. आदल्या दिवशी हजारराम देवळाच्या बाहेरच्या भिंतीवरही घोड्यांची रांग पाहिली होती, लगाम धरून चालणाऱ्या परदेशी माणसांसकट. इतके घोडे का, असा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. कारण चांगला घोडा इथे पैदास होत नव्हता. तो अरबस्तानातून, इराणातून जहाजानं यायचा, भटकळला, होन्नावरला, पुढे पोर्तुगीजांच्या गोव्याला. सैन्य घोड्यावर, घोडा व्यापाऱ्यावर आणि व्यापारी राजाच्या शब्दावर.

फेदेरिची सांगतो, लढाईनंतर रामरायाचा भाऊ तिरुमल पेनुकोंड्याहून परत आला आणि शहर पुन्हा वसवायला लागला. गोव्याला निरोप धाडला, घोडे आणा, चांगले पैसे देऊ. लढाईत गेलेला आमच्याच छापाचा घोडा कुणाकडे असेल, तर त्याचेही मागाल तेवढे पैसे देऊ. व्यापाऱ्यांना अभय दिलं. घोडे आले, भरपूर आले. तिरुमल गोड बोलत राहिला. आता आणखी घोडे येत नाहीत असं दिसल्यावर त्यानं व्यापाऱ्यांना निरोप दिला. एक पैसाही न देता. ती माणसं दुःखानं वेड्यासारखी झाली, असं फेदेरिचीनं लिहिलंय.

मी त्या घोड्यांच्या मंडपाच्या पायरीवर बसलो आणि मला माझ्या कादंबरीचा शेवट सापडला. फेदेरिची स्वतः या शहरात सात महिने अडकून पडला. काम महिन्याभराचं होतं, पण वाटांवर चोर होते. शहर पुरतं उद्ध्वस्त नव्हतं, असं तोच सांगतो. घरं उभी होती. रिकामी. आत वाघ फिरत. म्हणजे आग लागून गेली तरी शहर उभं होतं, आणि ज्याला ते पुन्हा भरायचं होतं त्यानंच पहिली उधारी बुडवली. पुन्हा घोडा कोण आणणार?

विठ्ठल मंदिराबद्दल लिहायला हवं, कारण मराठी माणूस तिथे जरा वेगळ्या पायांनी चालतो. पन्नासच्या नोटेवरचा दगडी रथ पाहून झाला, की गर्दी वाजणाऱ्या खांबांकडे वळते. मी गाभाऱ्यात गेलो. तिथे मूर्ती नाही. आपल्याकडची कथा अशी की राजानं पंढरपूरचा विठोबा इथे आणला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास महाराज तो परत घेऊन गेले. इतिहास म्हणून हे कितपत धरायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण मोकळ्या गाभाऱ्यात उभं राहून 'इथे नाही, म्हणजे आपल्याकडे आहे' असं वाटलं, हे कबूल करतो. दोन मिनिटं उभा होतो. बाहेर एक काकू मुलाला खांब वाजवू नकोस म्हणून रागावत होत्या, मराठीत.

साम्राज्य 1565 ला संपलंही नाही. ते दक्षिणेकडे सरकत गेलं. पेनुकोंडा, मग चंद्रगिरी, मग वेल्लोर. प्रत्येक ठिकाणी राजा तोच म्हणवायचा आणि मुलूख कमी व्हायचा. मदुरेचे, तंजावरचे, जिंजीचे नायक हळूहळू स्वतःच राजे झाले. पुढची गोष्ट आपल्याच घरातली आहे. शहाजीराजे विजापूरच्या फौजेबरोबर कर्नाटकात उतरले ते याच पडझडीत. तंजावरला नायकांच्या जागी व्यंकोजीराजे बसले. 1677 मध्ये शिवाजी महाराजांनी जिंजी घेतली आणि पुढच्या वर्षी वेल्लोर, विजयनगरच्या राजांचं शेवटचं ठाणं, मराठ्यांकडे आलं. म्हणजे राक्षसतागडीनंतर एकशे तेरा वर्षांनी. एका रात्रीत राख करणारा मी!

शेवटच्या दिवशी सकाळी तुंगभद्रेच्या पैलतीरी आनेगुंदीला जायचं म्हणून निघालो आणि गेलोच नाही. वाटेत केळीच्या बागेशी एक माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहून फावड्यानं मातीचा बांध फोडत होता. पाणी एका पाटातून दुसऱ्यात वळलं. अण्णा सोबतच होते. "यही वो कॅनाल," ते म्हणाले. "तुर्तु." पहिल्या दिवशी बडवीलिंगाशी त्यांनी जो एका शब्दात उरकला होता, तोच. विजयनगरच्या काळातला कालवा, देवळांचा भाग आणि राजवाड्यांचा भाग यांच्या मधल्या खोऱ्यातून जाणारा. भात आणि केळी अजून त्याच्यावर. त्या माणसानं आमच्याकडे एकदा पाहिलं, पायानं मातीचा उरलेला ढेकूळ सारला आणि पुढच्या वाफ्याकडे गेला.

परतीच्या गाडीत शैलंध्रचा शेवटचा अध्याय नव्यानं लिहिला. आता दगडी हत्ती जागे होत नाहीत, कारण त्यांच्या सांध्यांत घालायचं तेल तीन वर्षं आलेलं नाही. आणि तेल आलेलं नाही, कारण तेलवाल्यांचे पैसे तीन राजांनी एकमेकांवर ढकलले. सैन्याच्या झेंड्यांचा रंग काढून टाकला. सेनापती लहानपणी याच शहरात वाढलेला. आणि आगीनंतरची सकाळ घातली. तेलवाला वही घेऊन वेशीशी येतो, कुणाला भेटायचं ते त्याला कळत नाही.

घरी आल्यावर भाच्याला वाचून दाखवलं. त्याला तेलवाला आवडला. हत्तींचं वाईट वाटलं. मग म्हणाला, "आणि तो पहिल्या राजाचा कालवा? त्या दिवशी त्याचं पाणी कोणी सोडलं?"

वही पुन्हा उघडलीय.