माफी तिने मागितली

नाहा, ओकिनावा, गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

झोप येत नाहीये. पाय ठणकतायत पण ते कारण नाही, एरवी इतकं चालून आलो की आडवा पडल्यापडल्या संपतो मी. दुपारचा तो प्रकार डोक्यातून जात नाहीये, म्हणून शेवटी उठून दिवा लावला आणि लिहायला बसलो. लिहिलं की सुटतं, असं बाबा म्हणायचे. बघू.

तसं मोठं काहीच झालेलं नाही. कात्सुरेनच्या गडावर, अगदी वरच्या टप्प्यावर, एक आजी माझ्या मागे उभ्या राहून मी उठायची वाट बघत होत्या आणि मला ते कळलं नाही. किती वेळ उभ्या होत्या माहीत नाही. पाच मिनिटं असतील, पंधरा पण असतील. आणि शेवटी माफी त्यांनी मागितली.

सकाळपासूनच मूड नव्हता खरं तर. तिघांनी यायचं ठरलेलं, दोघांनी आयत्या वेळी टांग दिली, तिकिटं काढलेली म्हणून मी एकटाच टोकियोहून निघालो. काल शुरीला जाऊन आलो, इथल्या र्‍युक्यू राजांच्या जुन्या राजधानीत. 2019 च्या आगीत गेलेला तो मुख्य महाल, त्याबद्दल आज नको लिहायला, जीव रमला नाही तिथे एवढंच. आज सकाळी बस धरली, कात्सुरेनला पोचेपर्यंत दीड तासाच्या वर गेला, खिडकीतून सगळं शहरच दिसत राहतं, दुकानं, पेट्रोल पंप, पाचिंको, मग एकदम एका वळणावर तो समोर येतो. गड. इकडे गुसुकु म्हणतात, पण मला पहिल्या क्षणापासून गडच म्हणावंसं वाटलं. एकटाच उभा टेकाडावर, माथा समुद्रसपाटीपासून शंभर मीटरला जेमतेम दोन कमी, आपल्याकडे याला कोणी टेकडीसुद्धा म्हणणार नाही, पण समुद्रात आत घुसलेल्या त्या चिंचोळ्या जमिनीवर तो असा बसलाय की नजर हलतच नाही.

आणि तट! आपला तट म्हणजे काळा कातळ, बुरूज, कोन. इथला दगड प्रवाळाचा, म्हणजे समुद्रातल्या जीवांचाच झालेला चुनखडक, फिकट राखाडी, हात लावला की खरखरीत आणि जागोजागी छिद्रं छिद्रं. एकही कोपरा टोकदार नाही. टेकडी जशी वळते तसा तट वळत जातो, कोणीतरी ओली माती हाताने दाबत नेल्यासारखा. 2010 च्या भूकंपात बाहेरच्या तटाचा काही भाग पडला होता, तो पुन्हा रचलाय. मी दगडांवर हात ठेवत ठेवत चढलो. चुना नाही, काही नाही, दगडावर दगड.

तर वर पोचलो. सगळ्यात वरचा टप्पा लहानसाच आहे. वारा इतका की टोपी हातात धरावी लागली. उत्तरेला एक उपसागर, दक्षिणेला दुसरा, पूर्वेला बेटं आणि त्यांच्याकडे समुद्रातूनच जाणारा रस्ता. मी एका दगडावर बसलो, पाण्याची बाटली काढली, ओनिगिरीचं पाकीट फोडलं. पाठीमागे काहीतरी दगड-बिगड आहेत एवढं दिसलं होतं. फलकही होता. वाचला नाही. चढून दमलो होतो, आधी समुद्र बघायचा होता.

आणि बसून काय करत होतो, तर आमावारीचा विचार. याच गडाचा शेवटचा धनी. दक्षिणेच्या उपसागरापलीकडे नाकागुसुकुचा गड आहे, तिथे गोसामारू होता, राजाचा सासरा, आमावारीवर नजर ठेवायला म्हणूनच राजाने त्याला तिथे बसवला होता असं म्हणतात. 1458 साली आमावारीने शुरीला जाऊन राजाच्या कानात भरवलं की गोसामारू बंडाची तयारी करतोय, राजाने फौज दिली, आणि गोसामारूने राजाच्या निशाणावर हत्यार उचलायचं नाही म्हणून स्वतःलाच संपवलं. मग आमावारी खुद्द शुरीवर उठणार होता. त्याची बायको, मोमोतोफुमिआगारी, म्हणजे राजाची मुलगी आणि गोसामारूची नात, तिला हे कळलं आणि ती आपल्या रक्षकाबरोबर रातोरात माहेरी पळाली. तोच रक्षक मग फौज घेऊन परत आला आणि गड पडला. आमावारी मेला. झाला फितूर, कायमचा.

पण हे लिहिलं कोणी? शुरीच्या दरबाराने. त्यांचा पहिला इतिहास 1650 चा, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी. आणि जुन्या ओमोरो गाण्यांत मात्र याच आमावारीचं कौतुक आहे, कात्सुरेनला तर थेट जपानच्या कामाकुराची, म्हणजे शोगुनांच्या जुन्या राजधानीची उपमा दिलीय. इथे चिनी पोर्सेलीनचे तुकडे सापडलेत, कौलं सापडलीत, आणि गुसुकुंमध्ये कौलं फक्त शुरी, उरासोए आणि इथेच मिळाली आहेत. रोमन नाणीसुद्धा निघाली, 2013 च्या खोदकामात, जाहीर झालं 2016 ला. कुठलं रोम आणि कुठलं हे टेकाड. अशा ठिकाणचा माणूस नुसता फितूर असेल? गावातली शाळेतली मुलं 2000 सालापासून त्याच्यावर नाटक करतात, त्यांचा तो नायक आहे. मला हे सगळं इतकं पटत होतं, इतका गुंतलो होतो मी त्या माणसाची बाजू घेण्यात. समुद्राकडे बघत साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या माणसाला न्याय देत होतो आणि माझ्या पाठीमागे एक जिवंत म्हातारी बाई ताटकळत उभी होती.

मला कशाने कळलं, तर आवाजाने. बाटलीवर बाटली आपटल्याचा बारीक आवाज. वळून बघितलं तर आजी. ऐंशीच्या पुढच्या नक्की. डोक्यावर मानेपर्यंत कापड आलेली शेतात घालतात तसली टोपी, आणि दोन्ही हातांत धरलेली एक लाकडी पेटी. बिन्शी म्हणतात तिला. छोट्या पेटीत कप्पे केलेले, आपल्या मिसळणाच्या डब्यात असतात तसे, त्यात तांदूळ, आवामोरीच्या, म्हणजे इथल्या तांदळाच्या दारूच्या, दोन बुटक्या बाटल्या, एक वाटीएवढा पेला. मी जिथे पाठ करून बसलो होतो, पाय पसरून, ओनिगिरीचा कागद बाजूला टाकून, ती उताकी होती. देवाची जागा. मूर्ती नाही, देऊळ नाही, छप्पर नाही, नुसता दगड, पण जागा देवाची.

आजी हसल्या, जरा वाकल्या, आणि म्हणाल्या, सुमिमासेन.

मी ताडकन उठलो. काय काय पुटपुटलो आठवत नाही, जपानी फुटेचना तोंडातून, सहा वर्षं झाली या देशात तरी. कागद उचलला, बॅग उचलली, लांब जाऊन तटाला टेकून उभा राहिलो. त्या उकिडव्या बसल्या. काळ्या चपट्या उदबत्त्या काढल्या, इकडे त्या एकमेकींना चिकटलेल्या असतात, सहाची एक पट्टी, चॉकलेटच्या वडीवर असतात तशा रेघा असलेली. पेटवल्या नाहीत. कागदावर तशाच आडव्या ठेवल्या. पेल्यात आवामोरी ओतली, तांदूळ पुढे सरकवले, हात जोडले आणि बोलायला लागल्या. ऊतोतो, ऊतोतो, आणि मग बरंच काही. त्यांच्या भाषेत असावं, मला एक अक्षर लागलं नाही, पण सूर लागला. तो सूर मला माहीत आहे. आई देवघरात बसून घरच्या एकेकाचं नाव घेत देवाशी बोलायची, तोच.

पुरुषांना पूर्वी उताकीत पाऊल ठेवायलाही बंदी असायची, हे मला माहीत होतं. वाचलं होतं मी. म्हणजे माहीत नव्हतं असंही म्हणता येत नाही.

दुपारभर स्वतःची समजूत घालत होतो. तिथे दोरी नव्हती. कोणी अडवलं नाही. दगडासारखा दगड, परक्या माणसाला काय कळणार. एकटा होतो, बरोबर कोणी असतं तर म्हणालं असतं की अरे ऊठ. हे वर्षच असं चाललंय, जिथे जातो तिथे मी चुकीच्या जागी बसलेला असतो, ऑफिसात काय, घरी काय, जानेवारीत तर... जाऊ दे ते.

पण एक गोष्ट काही केल्या सुटत नाही. कॉलेजला असताना राजगडावरून उतरून आलो होतो, मी आणि बाबा. खाली एका गावात देवळाबाहेर वीरगळ आडवी पडलेली, आणि तिच्यावर चार-पाच पोरं बसून चिवडा खात होती. मी इतका भडकलो. लाज नाही वाटत का, तुमच्यासारख्यांमुळेच गडांची वाट लागली, काय काय बोललो. पोरं गप उठून गेली. मला वाटलं बाबा पाठ थोपटतील. बाबा काही बोलले नाहीत, एसटीत बसल्यावर म्हणाले, त्यांना माहीत नव्हतं रे, सांगायचं असतं, ओरडायचं नसतं. आणि खिडकीकडे तोंड करून बसले. मी तेव्हा मनातल्या मनात त्यांच्यावर चिडलो होतो. बाबांना कशाचंच काही वाटत नाही, असं वाटलं होतं.

आज त्या आजी मला काहीही बोलू शकल्या असत्या. त्यांचा हक्क होता. त्यांनी नुसती वाट बघितली. वर माफी मागितली.

संध्याकाळी ताईला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, अरे सुमिमासेन म्हणजे काय माफीच का, तूच मला सांगितलंयस की तिकडे वाट द्या म्हणायला, हॉटेलात वेटरला बोलवायला, आभार मानायला, सगळ्याला तेच म्हणतात. जरा सरका म्हणाल्या असतील. मी म्हटलं, हो गं, पण त्या वाकल्या. ताई म्हणाली, मग? आपण नाही का देवळात कोणाला ओलांडून पुढे जाताना हात जोडतो. तू उठलास ना? मग झालं. आणि जेवलास का.

जेवलो नव्हतो. खाली जाऊन सोबा खाल्ला. ताईचं बरोबर असेल. खरं तर जेवताना पहिल्यांदाच डोकं जरा शांत झालं. आजींच्या लेखी मी होतो तरी कोण, त्यांच्या आणि त्यांच्या देवाच्या मध्ये आलेला एक माणूस, उठला, विषय संपला. हा गड पडला, राजे गेले, 1879 मध्ये र्‍युक्यूचं राज्यच जपानने मोडून टाकलं, 1945 ची लढाई झाली, 2000 साली जागतिक वारशाची पाटी लागली, माझ्यासारखे बाटल्या घेऊन यायला लागले, आणि तरी कोणीतरी पेटी घेऊन वर चढतंच आहे. मी तिथे बसलो काय न बसलो काय. हे मनात आलं तेव्हा हलकं वाटलं. पण आता परत, अंधारात, तो बाटल्यांचा आवाज ऐकू येतो आणि परत वाटतं की किती वेळ उभ्या होत्या? चढून आल्यावर दम लागलेला असणार. बसायला दुसरी जागा नव्हती. वारा तो तसला.

एक गोष्ट ताईला सांगायची राहिली. उतरताना मी मुद्दाम सावकाश उतरलो, त्या मागून येत होत्या म्हणून. पुढे जावं की थांबावं कळत नव्हतं. शेवटी एका वळणावर थांबलो. त्या आल्या, एका हाताने पेटी छातीशी धरलेली, दुसऱ्या हाताला धरायला काही नव्हतं. मी हात पुढे केला. त्यांना वाटलं पेटी मागतोय. क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि दिली. मी आधार द्यायला हात केला होता, पेटीला हात लावायची माझी हिंमतच नव्हती, पण आता ती माझ्या हातात होती. मी दोन्ही हातांनी धरली, पोटाशी, आपण नैवेद्याचं ताट नेतो तशी. पुढच्या सगळ्या पायऱ्या आम्ही एकही शब्द न बोलता उतरलो, त्या माझ्या खांद्यावर दोन बोटं टेकवून, आणि मी पायाखाली बघत, बाटल्या वाजू नयेत म्हणून.