सोळा यायला हवे होते, आले तीस

समुद्री सुरुंगाला जहाजाचा आवाज आणि चुंबकत्व एवढंच कळतं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. पण जहाजाचं पोलादी धड (हल) आणि कांस्याचा प्रोपेलर खाऱ्या पाण्यात उतरले की आयती बॅटरीच तयार होते. प्रवाह पाण्यातून प्रोपेलरकडे जातो, शाफ्टमधून हलकडे परततो. शाफ्ट फिरताना बेअरिंगमधला रोध कमी-जास्त होतो, त्यामुळे प्रवाहही हलतो. मिनिटाला 120 फेरे असतील तर 2 हर्ट्झने. पाण्यातला हा विजेचा सिग्नलही सुरुंगाला कळू शकतो.

हेच टाकीत छोट्या प्रमाणात मोजायचं होतं. समुद्राइतकं खारट पाणी, वाहकता दर मीटरला 4 सीमेन्स. त्यात 10 सेंटिमीटर अंतरावरच्या दोन टोकांतून 10 मिलिअँपिअर, 1 हर्ट्झने. त्यापासून आडवं अर्धा मीटर दूर, 10 सेंटिमीटर अंतरावर ठेवलेले दोन इलेक्ट्रोड. द्विध्रुवाच्या, म्हणजे प्रवाह सोडणाऱ्या-घेणाऱ्या अशा टोकांच्या जोडीच्या, सूत्रातून उत्तर आलं 16 मायक्रोव्होल्ट.

आधी तांब्याच्या तारा वापरल्या. काटकसर! त्यांचं आपसातलं विभवांतरच मिलिव्होल्टमध्ये भटकत होतं, आपला सिग्नल त्यात कुठे शोधायचा? मग सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचे इलेक्ट्रोड आणले, दोघांची टोकं जोडून त्याच पाण्यात दोन दिवस मुरत ठेवले. तेव्हा कुठे रेषा स्थिर झाली. तारांना पीळ दिल्यावर विजेच्या लाइनची गुणगुणही बरीच खाली आली.

आता आकडा स्वच्छ होता, पण 30. अ‍ॅम्प्लिफायरचं कॅलिब्रेशन तीनदा तपासलं. पाण्याच्या तापमानावर संशय घेतला, पण वाहकता एका अंशाला साधारण 2 टक्केच बदलते. 1 हर्ट्झला स्किन डेप्थ, म्हणजे सिग्नल बराच क्षीण व्हायला लागणारं अंतर, समुद्रात सुमारे 250 मीटर, म्हणजे टाकीत क्षीणनाचा प्रश्नच नाही.

चूक माझ्या कागदावर होती. मी पाणी चहूबाजूंनी अनंत धरलं होतं आणि सगळी मांडणी मात्र पृष्ठभागाखाली 10 सेंटिमीटरवर टांगली होती. हवेत प्रवाह शिरत नाही, तो पाण्यातच दाबला जातो. गणितात त्यासाठी पृष्ठभागाच्या वर, आरशातल्यासारखा, त्याच दिशेचा दुसरा द्विध्रुव मांडायचा. तो धरल्यावर 16 चे जवळपास 29 झाले. उरलेल्या एकासाठी तळ आणि भिंतींचे आरसे मांडत बसलोय; आरशात आरसे दिसत जातात तशी ती मालिका संपतच नाही.