खो-खोच्या पायांना बेसबॉल शिकवताना

अमळनेर तालुक्यातील एका शाळेत मी क्रीडाशिक्षक आहे. आमच्या खानदेशात बेसबॉलला येणारी बहुतेक मुले खो-खो खेळून आलेली असतात, त्यामुळे वेग आणि हुलकावणी त्यांना शिकवावी लागत नाही. शिकवावे लागते ते थांबणे. पहिल्या वर्षी हे माझ्या ध्यानात आले नाही. एका स्पर्धेत एक गडी बाद असताना चेंडू उंच उडाला आणि दुसऱ्या बेसवरचा, म्हणजे धावण्याच्या दुसऱ्या टप्प्यावरचा, आमचा मुलगा माझ्या “पळ!” या हाकेसरशी सुटला. झेल घेतला गेला, म्हणून त्याला बेसवर परतणे भाग होते; तो परतण्याआधी चेंडू दुसऱ्या बेसवर पोहोचला, तिसरा गडी बाद झाला आणि आमची पाळी तिथेच संपली. चूक माझी होती, कारण निर्णय मी घेतला होता आणि पाय त्याचे होते.

तेव्हापासून सरावात हाक देणे मी बंद केले. काळ्या मातीच्या मैदानावर ९० फुटांवर फक्कीने बेस आखतो, आणि प्रत्येक चेंडूआधी रनरने, म्हणजे बेसवरून धावणाऱ्याने, मोठ्याने सांगायचे, की किती बाद आहेत, मागचा बेस भरलेला आहे का आणि बाहेरचे क्षेत्ररक्षक किती लांब उभे आहेत. दोन बाद असतील तर फटका बसताच धावायचे. त्याहून कमी असतील आणि चेंडू सरळ, कमी उंचीवरून गेला, तर तो जमिनीला लागलेला दिसेपर्यंत पुढे जायचे नाही. तिसऱ्या बेसवर असताना चेंडू खोल उडाला, तर पाय बेसवर ठेवून तो क्षेत्ररक्षकाच्या हाताला लागण्याची वाट पाहायची आणि मगच सुटायचे.

सर्वांत जास्त वेळ हुलकावणीची सवय मोडण्यात गेला. चेंडू घेऊन क्षेत्ररक्षक टॅग करायला, म्हणजे चेंडू अंगाला लावून बाद करायला, आला, की मुले खो-खोप्रमाणे बाजूला झेपावत आणि “सर, हात लागलाच नाही!” म्हणून हुज्जत घालत. टॅग चुकवताना आपल्या वाटेपासून ३ फुटांहून जास्त बाजूला गेलेला रनर बादच, हे पटवायला मी वाटेच्या दोन्ही अंगांना फक्कीच्या रेघा ओढल्या. पायाला लागलेली फक्की पाहिल्यावर वाद उरला नाही.

गेल्या मोसमात तिसऱ्या बेसवरच्या मुलाने उथळ झेल पाहिला, दोन पावले टाकली आणि तो परत फिरला. क्षेत्ररक्षकाने फेकलेला चेंडू थेट फलंदाजामागच्या कॅचरच्या छातीशी आला. “त्याची फेक भारी आहे, सर,” तो म्हणाला, “गेलो असतो तर मेलो असतो.”