२४ काड्यांचा आकाशकंदील

शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत घरी करण्यासारख्या कामांत बांबूचा आकाशकंदील मला सर्वांत समाधान देणारा वाटतो. सामान थोडं, हत्यारं घरातली, आणि वसुबारसेला वर चढवला की त्रिपुरारी पौर्णिमेपर्यंत दारात उजेड. तरी बऱ्याच जणांचा कंदील पहिल्याच प्रयत्नात तिरका होतो आणि दोष कागदाला दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा सांगाड्यात असतं. म्हणून शनिवार सगळा सांगाड्याला द्यावा आणि कागदाला रविवारीच हात लावावा.

इथे सांगतोय तो चार पाकळ्यांचा पारंपरिक आकार. चार चौकोन कोपऱ्यावर उभे करून एकमेकांना कोपऱ्याशी बांधायचे आणि त्यांची वरची व खालची टोकं काड्यांनी जोडायची. बाजूला चार चौकोन, वर एक, खाली एक, आणि मधल्या जागांत आठ त्रिकोण. या आकाराची मोठी सोय म्हणजे २४च्या २४ काड्या सारख्याच लांबीच्या लागतात. काडी २० सेंमीची धरली तर कंदील २८ सेंमी उंच होतो आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतलं अंतर बरोबर ४० सेंमी. गॅलरीसाठी हा आकार नेटका दिसतो.

सहा किंवा आठ पाकळ्या करायच्या असतील तर हे जमत नाही. तिथे वर-खालच्या काड्या लांब घ्याव्या लागतात: सहा पाकळ्यांना चौकोनाच्या काडीच्या १.२२ पट, आठ पाकळ्यांना १.३१ पट. म्हणजे २० सेंमीच्या चौकोनांना अनुक्रमे साडेचोवीस आणि २६ सेंमी. इथे सगळ्या काड्या सारख्या कापल्या की वरचं तोंड आवळलं जातं आणि चौकोन वाकडे होतात. मग कितीही ओढाताण केली तरी ते सरळ होत नाहीत.

बांबू साधारण ४ सेंमी जाडीचा, वाळलेला घ्यावा. पुण्यात बुरूड आळीत मिळतो. बाकी ठिकाणी बुरडांच्या दुकानात किंवा मांडवाचं सामान विकणाऱ्यांकडे चौकशी करावी. दोन गाठींमधलं अंतर ३२ सेंमीपेक्षा जास्त असलेला तुकडा शोधावा, म्हणजे गाठ मध्ये न येता काड्या निघतात. अशी दोन कांडी एका कंदिलाला पुरून उरतात. ओला, हिरवा बांबू चिरायला सोपा जातो, पण वाळताना आक्रसतो आणि आठ दिवसांत सगळ्या गाठी सैल होतात.

चिरताना एकच नियम: प्रत्येक वेळी बरोबर निम्मे भाग करत जायचं. अर्धा, पाव, मग पावाचे दोन. चीर नेहमी बारीक बाजूकडे पळते. ती पळायला लागली की जाड बाजू हळूहळू वाकवायची, चीर परत मध्यावर येते. कडेकडून एकेक पातळ काडी सोलत गेलात तर निम्म्या काड्या टोकाला निमुळत्या होऊन वाया जातात. तयार काडी ६ मिमी रुंद आणि ३ मिमी जाड असावी. जाडी कमी करायची ती आतल्या पांढऱ्या बाजूने. बाहेरच्या सालीतले धागे दाट असतात आणि काडीची ताकद तिथेच असते, म्हणून सालीला कोयती लावू नये. कडांवरून १२० नंबरचा पॉलिश पेपर दोनदा फिरवला की बोटात कूस जात नाही आणि पुढे कागदही फाटत नाही.

काड्या २२ सेंमी कापायच्या, दोन्ही टोकांपासून १ सेंमीवर पेन्सिलने खूण करायची आणि खुणेवर चाकूने अगदी बारीक खाच पाडायची. खाच नसली तर दोरा घसरतो आणि २० सेंमीची काडी कुठे साडेएकोणीस, कुठे साडेवीस होऊन बसते. चोवीस काड्यांशिवाय ३१ सेंमीच्या दोन जास्तीच्या काड्या लागतात. त्या कशाला, ते पुढे येईल. तीन-चार काड्या मोडतात असं धरून जास्तीच्या कापून ठेवाव्यात.

बांधायला पुडीचा दोरा चांगला. रबर बँड लावू नये. ते उन्हाने चिवटपणा सोडतात आणि कंदील टांगल्यावर एकेक तुटायला लागतं. दोरा आधी ओला करून घ्यावा, सांध्यावर फुलीसारखे चार वेढे द्यावेत, मग दोन काड्यांच्या मधून दोन आडवे वेढे घेऊन आवळावा. हे आडवे वेढेच सांधा घट्ट करतात, नुसत्या फुलीने तो हलत राहतो. रविवारी खळ (मैदा शिजवून केलेली चिकी) तयार झाली की गाठींवर तिचं बोट फिरवावं.

आधी चार सुटे चौकोन बांधून घ्या. ते जमिनीवर एका रांगेत, कोपऱ्यावर उभे धरल्यासारखे मांडून कोपऱ्याला कोपरा बांधा, मग पहिला आणि चौथा जोडून कडं पूर्ण करा. वरच्या टोकांना चार काड्या, मग उलटं करून खालच्या टोकांना चार. झाल्या २४.

आणि इथेच फसगत होते. सगळ्या काड्या बांधून झाल्या तरी सांगाडा उभा राहत नाही. हातात धरून पिळला की गोल फिरत खाली बसतो. बांधणी कच्ची राहिली असं वाटून लोक पुन्हा सगळ्या गाठी आवळतात. पण हा बांधणीचा दोष नाही. त्रिकोण आपला आकार सोडत नाही, चौकोन मात्र ढकलला की चपटा होतो, आणि या आकारात सहा चौकोन आहेत. सहाही चौकोनांना कर्णाचा आधार दिल्याशिवाय कंदील ताठ होत नाही.

वरच्या आणि खालच्या चौकोनाला ३१ सेंमीची एकेक काडी कर्णावर बांधायची. खुणेपासून खुणेपर्यंत २८.३ सेंमी. वरची काडी पुढे बल्बचा होल्डर धरायलाही उपयोगी पडते. बाजूच्या चार चौकोनांत काडी घालू नये, उजेडात तिची काळी रेघ दिसते. तिथे उभा आणि आडवा असा दोन्ही कर्णांवर दोरा ताणायचा. दोरा फक्त ओढ सहन करतो, दाब नाही, म्हणून प्रत्येक चौकोनाला दोन दोरे. हे दोरे तात्पुरते असतात. कागद चिकटून वाळला की तोच चौकोनाला ताठ धरतो, मग खालच्या तोंडातून कात्री घालून दोरे कापून टाकायचे.

दोरे ताणण्याआधी ओळंबा लावून बघावा. दोऱ्याला एखादा नट बांधून तो चौकोनाच्या वरच्या टोकावरून सोडायचा. त्याच चौकोनाच्या खालच्या टोकाला तो लागला पाहिजे. चारही बाजूंना हे जुळलं की दोरे पक्के करायचे. अर्ध्या सेंमीचा फरक चालतो. दोन सेंमीचा असेल तर एखादी काडी खाच सोडून सरकलेली असते, ती शोधून पुन्हा बांधावी. रात्रभर सांगाडा तसाच ठेवावा.

रविवारी सकाळी पहिलं काम खळीचं. २ मोठे चमचे मैदा थोड्या गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचा, मग कपभर पाणी घालून मंद आचेवर सारखं ढवळायचं. पांढरेपणा जाऊन ती काचेसारखी दिसायला लागली आणि पातळ पिठल्याइतकी झाली की उतरवायची. चिमूटभर तुरटी घातली तर टिकते. मोरचूद घालायची जुनी रीत आहे, पण ते विषारी असतं. घरात लहान मुलं खळीत हात घालत असतील तर नकोच. गुठळ्या राहिल्या तर फडक्यातून गाळा, नाहीतर कागदाखाली प्रत्येक गुठळी उजेडात ठिपक्यासारखी दिसते.

फेव्हिकॉलनेही चिकटतं आणि लवकर चिकटतं. तरी मी खळच लावायला सांगेन. खळ ओली असेपर्यंत कागद सरकवून सुरकुती काढता येते. शिवाय पुढच्या वर्षी ओल्या फडक्याने पुसला की जुना कागद सालीसारखा निघून येतो आणि सांगाडा पुन्हा वापरता येतो.

कागद पतंगाचा घ्यावा. जिलेटीनच्या कागदातून बल्ब आरपार दिसतो आणि डोळ्यांवर येतो. पतंगाच्या कागदात उजेड पसरतो. बाजूचे चार चौकोन २३ सेंमीचे कापायचे. कोपरे तिरके छाटायचे, म्हणजे कडेची दीड सेंमी पट्टी काडीभोवती आत वळवता येते. आधी समोरासमोरच्या दोन कडा चिकटवा, मग उरलेल्या दोन. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून पुढे गेलं की शेवटच्या कोपऱ्यात हमखास चुणी पडते. त्रिकोणाची बाजू २२ सेंमी. तो चौकोनाच्या कडेवर, काडीवरच चिकटवायचा. त्याची एक कड कंदिलाच्या तोंडाशी येते, तिथे आत वळवायला १ सेंमी जास्त ठेवा. सांध्यांवर सोनेरी कागदाची १ सेंमी रुंदीची पट्टी लावली की सगळं झाकलं जातं. वरचं आणि खालचं तोंड मोकळंच ठेवायचं.

पांढरा कागद वापरला असेल तर आणखी एक गोष्ट करता येते. खळ पूर्ण वाळल्यावर स्प्रेच्या बाटलीने लांबून पाण्याचा हलका फवारा मारायचा. ओला झाल्यावर कागद ढिला पडतो, बघणाऱ्याला वाटतं बिघडला. पण वाळताना तो आक्रसतो आणि ढोलकीच्या पानासारखा ताणला जातो. चारही बाजूंना एकाच वेळी फवारा मारावा, एकाच बाजूला मारला तर तिकडचा ताण सांगाडा ओढतो. रंगीत कागदावर हे करू नये. रंग सुटून पसरतो.

कोपऱ्यांवर लावायच्या कागदी करंज्यांची एक सोपी रीत अशी: १२ सेंमी व्यासाचे गोल कापून अर्धे दुमडायचे, गोल कडेला १ सेंमी खोल कातरायचं आणि दुमडीची बाजू मधल्या चार कोपऱ्यांवर उभी चिकटवायची. खाली झिरमिळ्या २ सेंमी रुंद, ४० ते ४५ सेंमी लांब. याहून लांब केल्या तर वारा धरतात आणि कंदील फिरत राहतो. कंदील वरच्या चारही कोपऱ्यांतून, ४०-४० सेंमीच्या चार दोऱ्यांनी एका कडीला टांगायचा. एक दोरा आखूड झाला तर कंदील तिकडे कलतो, म्हणून चारही दोरे एकत्र धरून एकदमच कापावेत.

उजेडासाठी ४-५ वॉटचा पिवळसर एलईडी बल्ब पुरे. होल्डर वरच्या काडीला लागून बांधला की बल्ब साधारण मधोमध येतो आणि बल्बच्या मध्यापासून कागद सगळीकडून साधारण १४ सेंमी लांब राहतो. नेहमीच्या एलईडी बल्बचा उजेड बराचसा पुढच्या दिशेने, म्हणजे इथे खाली पडतो. वरचे चार त्रिकोण मग अंधारे दिसतात. काचेचा, आत तारा दिसणारा फिलामेंट एलईडी घेतला तर तो सगळीकडे सारखा फाकतो. जुना ६० वॉटचा बल्ब कागदाच्या कंदिलात लावूच नये. वजन कधीही वायरवर येऊ देऊ नका, ते दोऱ्यांवरच असावं, आणि वायर थोडी ढिली सोडून खाली झोल द्यावा म्हणजे पावसाचं पाणी वायरवरून होल्डरमध्ये न उतरता झोलातून गळून जातं. दिवाळीत एखादी सर येतेच.

उतरवल्यावर कागद ओला करून काढून टाका आणि सांगाडा दोन दिवस सावलीत वाळवा. काड्यांना टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली तर तेवढ्या काड्या बदला, कीड बाकीच्या काड्यांत जाते. उरलेला सांगाडा माळ्यावर खिळ्याला टांगून ठेवावा. त्याच्यावर दुसरं सामान ठेवू नये, कारण बाजूच्या चौकोनांत आता कागदही नसतो आणि दोरेही नसतात.