आजींचा वाडा, सुनेचा फ्लॅट आणि तुंबलेला बोका

"डॉक्टर, मांजराला दोन दिवस शी होत नाहीये," असा फोन आला की मी आधी विचारते, मादी आहे की बोका? बोका असेल तर रिक्षात घाला आणि आत्ता आणा, बाकीचं इथे बोलू. रेतीच्या ट्रेमध्ये बसून कुंथणारा बोका घरच्यांना हटकून बद्धकोष्ठाचा वाटतो. मग इसबगोल, एरंडेल, चमचाभर तूप. खरं तर त्याची लघवी अडलेली असते. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाशी फार अरुंद असतो. तिथे चिकट स्राव आणि बारीक खर साचून वाट बंद झाली की रक्तात पोटॅशियम चढत जातं, हृदय आधी मंदावतं आणि मग थांबतं. एक-दोन दिवसांचा खेळ असतो.

डिसेंबरातल्या एका रविवारी आलेल्या बोक्याला आदल्या दिवशी दुसऱ्या एका दवाखान्यात एनिमा देऊन घरी पाठवलं होतं. एनिमा देणाऱ्याने पोटाला एकदा हात लावला असता तरी कळलं असतं. मूत्राशय कच्च्या मोसंबीएवढं आणि तितकंच टणक. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराचे ठोके मिनिटाला २०० च्या आसपास असतात, याचे ११०. वडोदऱ्यात रविवारी माणसाचं रक्त तपासून मिळतं, पण नळीवर मांजराचं नाव आहे म्हटल्यावर काउंटरवरचा मुलगा हसतो. त्यामुळे रिपोर्टच्या नादी न लागता ईसीजी लावला. तो आलेख पाहून पोटॅशियमचा आकडा विचारायची गरज उरली नाही. कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून हळूहळू दिलं. त्याने पोटॅशियम उतरत नाही, पण हृदय तेवढा वेळ तगतं.

पुढचं काम मला चांगलं येतं, आणि ते सांगायला मी लाजत नाही. कॅथेटर, म्हणजे मूत्रमार्गात घालायची बारीक नळी, कधी ढकलायचा नसतो. हलकी गुंगी द्यायची, इंद्रिय मागे ओढून मूत्रमार्ग सरळ करायचा, टोक बोटांत हळूच चोळायचं, म्हणजे कधीकधी अडकलेला साका तिथेच सुटतो. मग बारीक मऊ कॅथेटर टोकाशी धरून सलाईनची धार सोडत राहायचं आणि ती जेवढी वाट देईल तेवढंच पुढे सरकायचं. घाई केली की मूत्रमार्ग फाटतो, आणि फाटलेला पुन्हा शिवून पहिल्यासारखा होत नाही. माझा कंपाउंडर अशा वेळी श्वाससुद्धा जपून घेतो. बऱ्याच वेळाने हाताला वाट मिळाल्यासारखं वाटलं आणि गडद लाल लघवी आली.

हे चालू असताना टेबलाच्या दोन्ही बाजूंनी भांडण चालू होतं. एकीकडे आजी, दांडिया बाजारच्या वाड्यात एकट्या राहणाऱ्या. दुसरीकडे त्यांची सून, वासणा रोडवरच्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणारी, बँकेत नोकरी करणारी. मध्ये नातू, मान खाली घालून. बोका त्याचा.

"अगं, तुम्ही त्याला कोंडून ठेवलंत म्हणून त्याचं कोंडलं," आजी म्हणाल्या. "डॉक्टरीणबाई, तूच सांग हिला. दिवाळीत माझ्याकडे होता, एकदा तरी काही झालं का?"

"आई, वाड्याबाहेर कुत्री आहेत, रस्ता आहे. मी त्याला मरायला सोडणार नाही."

मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं. हो की नाही, एका शब्दात हवं होतं.

माझं नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे: घरातच ठेवा. चावे, त्यातून होणारी गळवं, रेबीज, दुचाक्या, उंदरांचं औषध खाऊन मेलेला उंदीर. शिवाय पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू एखाद्या अंगणात वर्षभर टिकू शकतो, आणि आपल्याकडे मांजरांचं लसीकरण म्हणजे कुत्र्यांचं झाल्यावर उरलेला विचार. पण या बोक्याची लघवी दिवाळीआधीही एकदा अडली होती. एक्स-रेत खडे नव्हते, तपासणीत जंतू नव्हते. कारण न सापडणाऱ्या या मूत्राशयाच्या दाहात ताणाचा मोठा हात असतो, आणि हा दाह घरात कोंडलेल्या मांजरांत जास्त दिसतो, हे आता सर्वमान्य आहे. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या टोनी बफिंग्टन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये असल्या ४६ घरबंद मांजरांवरचा अभ्यास छापला. घरातली परिस्थिती बदलून त्यांनी ती मांजरं दहा महिने पाहिली. त्रास लक्षणीय कमी झाला. त्यासाठी कोणालाही बाहेर सोडावं लागलं नव्हतं.

म्हणून मी आजींना विचारलं, दिवाळीत तो खात काय होता? मासळी, भात, वर पाणी. प्यायचा कुठून? मोरीतल्या घंगाळातून. आणि फ्लॅटवर? सुके दाणे, कोपऱ्यात एक वाटी. हे बोलणं चाललेलं असताना नातू पहिल्यांदा तोंड उघडून म्हणाला की गणपतीनंतर घरात एक पर्शियन पिल्लू आलंय. दोघांना मिळून एकच ट्रे. दिवाळीला सगळे पुण्याला गेले तेव्हा पिल्लू पेट बोर्डिंगमध्ये होतं.

ही गोष्ट आधी कोणी सांगितली नव्हती! पर्शियन विकणाऱ्या दुकानदाराने ट्रेबद्दल काही सांगितलं असण्याची शक्यताच नाही. तो लसींबद्दलही सांगत नाही.

म्हणजे वाड्यात अन्न ओलं होतं, पाणी भरपूर होतं, ट्रेसाठी भांडण नव्हतं, दुसरं मांजर नव्हतं, चढायला माळा होता आणि शिवाय बाहेर जाता येत होतं. सगळं एकाच आठवड्यात बदललं. आजींनी त्यातली शेवटची गोष्ट तेवढी उचलली. सुनेला त्यातलं काहीच दिसलं नाही. तिला फक्त रस्ता दिसत होता. मला तरी कुठे वेगळं करून दाखवता येणार होतं की बोका कशाने बरा राहिला?

मी सांगितलं ते असं. आधी फ्लॅट सुधारा. दोन मांजरांना तीन ट्रे, वेगवेगळ्या खोल्यांत. खाणं ओलं. बोक्याला उंच फळी, आणि पिल्लू काही काळ दुसऱ्या खोलीत. तरीही अडलं तर वाड्याचा विचार करू, पण उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत, होऊन जाऊ दे. १४ आणि १५ जानेवारीला या शहराची एकही गच्ची मोकळी नसते, आणि नंतर कित्येक दिवस झाडांवर, पत्र्यांवर, गटारात मांजा लोंबत राहतो. सरकारचं करुणा अभियान मांजाने जखमी झालेल्या पक्ष्यांसाठी धावतं, ते योग्यच आहे. पण दोरा गिळलेली मांजरं आमच्याकडे उशिरा पोचतात. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली अडकतं, दुसरं आतड्यात पुढे सरकतं, आणि आतडं त्यावर चुण्या पडत गोळा होऊन कापलं जातं. मांजर उलट्या करत असेल तर जीभ उचलून पाहा. दोरा दिसला तर ओढू नका. तोंडाकडून नाही आणि मागूनही नाही.

सुनेने बाल्कनीचा विषय काढला, "कबुतरांची जाळी आहेच की." ती नायलॉनची जाळी कबुतराला अडवते, बोक्याला नाही. तो ती दातांनी तोडतो किंवा कडेने ढकलतो. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद छापली होती. त्यातली सुमारे ९० टक्के वाचली. लोक हा आकडा मला आनंदाने ऐकवतात. पण ती दवाखान्यात आणलेली मांजरं होती. खाली पडून जागीच मेलेल्यांना दवाखान्यात कोण आणतं?

आजींनाही मी सोडलं नाही. त्या म्हणाल्या, "पन्नास वर्षं आमच्या वाड्यात मांजरं आहेत, एकही गाडीखाली गेलं नाही." मी विचारलं, त्यातली म्हातारी किती झाली? त्या जरा थांबल्या. "ती येतात-जातात गं," म्हणाल्या.

माझा क्रम कोणी पाळला नाही. फ्लॅटवर ट्रे आले, फळी आली नाही, आणि पिल्लाला खोलीत बंद करणं नातवाला जमेना. उत्तरायणापर्यंत मात्र थांबले, तेवढं माझं ऐकलं. मग बोका वाड्यात गेला. नसबंदी आधीच झालेली होती, मांजरांची नेहमीची तीन रोगांवरची लस आणि रेबीजची लस मी टोचली, आणि आजींकडून एक गोष्ट कबूल करून घेतली: दिवेलागणीला मासळी, आणि मासळी झाली की दार बंद. रात्रीच्या मारामाऱ्या एवढ्याने बऱ्याच टळतात.

तेव्हापासून त्याची लघवी अडलेली नाही. शेपटीच्या मुळाशी चाव्याचं गळू घेऊन मात्र एकदा आला. पू काढून जखम धुताना सून म्हणाली, "बघा, मी म्हटलं होतं." आजी शांतपणे म्हणाल्या, "ही जखम दिसते तरी. तुमच्याकडे ती आत चालली होती, ती दिसत नव्हती." दोघींपैकी कुणाशीही मला वाद घालता आला नाही. ज्यांना मी वर्षानुवर्षं 'घरातच ठेवा' सांगून पाठवलं, त्यातल्या किती घरांत सुक्या दाण्यांची वाटी आणि एकच ट्रे होता, हे मी विचारलं होतं का, ते आठवत बसते. आणि वाड्यात सोडायला सांगितलं असतं तर त्यातले किती परत दिसले असते, तेही.

आता वाडा बिल्डरकडे जातोय. चुलत भावांच्या सह्या झाल्यात. आजी आणि बोका दोघंही सातव्या मजल्यावर जाणार. सुनेने यादी मागितली, मी दिली, आणि या वेळी तिने ती सुताराला दाखवली. फळ्या लागल्या आहेत. बाल्कनीला लोखंडी चौकटीत पक्की तारेची जाळी बसवायची आहे, म्हणजे बोक्याला बाहेरची हवा मिळेल आणि खाली पडायचं भय नाही. सोसायटीच्या चेअरमनची परवानगी अजून आलेली नाही. बाहेरून बिल्डिंगचा लुक बिघडतो म्हणे. कबुतरांच्या निळ्या-हिरव्या जाळ्या प्रत्येक मजल्यावर लोंबतायत, त्याने बिघडत नाही. चेअरमनना मी दवाखान्याच्या लेटरहेडवर पत्र पाठवलंय, गरज पडली तर पुढच्या मीटिंगला स्वतः जाऊन बसणार आहे.